प्रीबायोटिक पावडर, सात महिन्यांनंतर: बंड्याला लागू पडली, मनीला नाही

बंड्या आमचा सहा वर्षांचा देशी कुत्रा, वजन 18 किलो. गेल्या पावसाळ्यात त्याला जुलाब लागले. मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकचा कोर्स झाला, जुलाब थांबले, पण पुढचा दीड महिना शी कधी पातळ, कधी आवेसकट. रात्री दोन-दोनदा उठून त्याला खाली न्यावं लागायचं. जंतांचं औषध देऊन झालं, शी तपासून झाली, काही निघालं नाही. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी प्रीबायोटिक, म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य, सुचवलं: चिकोरी या वनस्पतीच्या मुळापासून काढलेल्या इन्युलिन नावाच्या तंतूची पावडर.

त्यांनी समजावलं ते असं. मेट्रोनिडॅझोल रोगजंतूंबरोबर आतड्यातल्या कामाच्या जिवाणूंनाही झोडपतं. कुत्र्यांत फ्युजोबॅक्टेरिया हा जिवाणूंचा गट भरपूर असणं हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण, आणि नेमके तेच या औषधाने घटतात. इन्युलिन कुत्र्याला स्वतःला पचत नाही. ते जसंच्या तसं मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात, आणि ही आम्लं शोषली जाताना सोबत मीठ आणि पाणीही शरीरात ओढलं जातं. शी बांधून होते ती त्यामुळे. म्हणजे आपण औषध देत नसतो, जिवाणूंना जेवू घालत असतो. हे एकदा डोक्यात बसलं की सगळा हिशेब बदलतो.

ते माझ्या डोक्यात उशिरा बसलं. डब्यावर अर्धा चमचा लिहिलं होतं, मी पहिल्याच दिवशी तेवढी घातली. पोट फुगलं, गुडगुड ऐकू यायला लागली, शी आणखी पातळ झाली. जिवाणूंच्या आवाक्याबाहेर इन्युलिन गेलं की ते पाणी ओढतं आणि वायूही धरतो. डॉक्टरांनी चार दिवस बंद करायला लावलं, मग एक चिमूट, दर आठवड्याला थोडी वाढ. सावकाश वाढवा, एवढं एक वाक्य त्या डब्यावर असतं तर बंड्याचे ते दिवस वाचले असते. याचा मला अजूनही राग आहे.

फरक कशाने पडतोय ते कळावं म्हणून जेवण अजिबात बदललं नाही: भात, उकडलेलं चिकन, थोडा लाल भोपळा. रोज वहीत शीची नोंद केली, 1 म्हणजे खडे, 7 म्हणजे पाणी. पहिले तीन आठवडे 5 आणि 6 यांतच गेले. सहाव्या आठवड्यात सलग 3 दिसायला लागले, आव गेली, वासही उतरला. रात्रीच्या फेऱ्या बंद झाल्या. दिवाळीत गावी जाताना डबा घरीच राहिला, आणि आठव्या दिवशी शी पुन्हा मऊ. प्रवासाचाही त्यात वाटा असेल, पण घरी येऊन पावडर सुरू केल्यावर दोन आठवड्यांत गाडी रुळावर आली.

मनीची, आमच्या मांजरीची, गोष्ट वेगळी. तिला बद्धकोष्ठ. मांजर पक्कं मांसाहारी, मोठं आतडं आखूड. तिच्या चिकनमध्ये तीच पावडर कालवली तर तिने वाटीकडे पाठ फिरवली, आणि थोडीफार पोटात गेली तेव्हा नुसता वायू. डॉक्टरांनी मग साधं इसबगोल द्यायला सांगितलं. ते फारसं आंबत नाही, पाणी धरून जेलीसारखं फुगतं आणि कडक शी मऊ करतं. पाव चमचा, बिनमिठाच्या चिकनच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून. कोरडं कधीच देऊ नका, आणि प्यायला पाणी भरपूर ठेवा. आता ती एक-दोन दिवसांआड न कण्हता बसते.

एक कळकळीची विनंती. कांदा-लसणात इन्युलिन असतं हे वाचून ते कुणी घरच्या घरी घालू नका. कुत्रा-मांजर दोघांच्याही रक्तातल्या तांबड्या पेशी कांदा-लसणाने फुटतात. आणि शीत रक्त, उलट्या किंवा वजन घटणं दिसलं तर पावडर बाजूला ठेवा, आधी डॉक्टरांकडे जा.

बंड्याला रोज अर्ध्या चमच्यापर्यंतच देतो, त्यापुढे गेलो की वायू धरतो. काल तिसरा डबा मागवला. मनीचं इसबगोल कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून येतं, बिनवासाचं, बिनसाखरेचं.