गोव्यातल्या फोंड्यातला सगळ्यांसाठीचा फिटनेस क्लास आणि ते रबरी बँड – गेल्या पावसापासूनचा अनुभव

मे संपता संपता जॉइन केलं, मग पाऊस, चवथ, दिवाळी, आता शिगमोसुद्धा होऊन गेला, म्हणजे लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. मला लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय, मांडीपासून कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी-सळ्यांची चौकट), बाहेर पडताना एक कुबडी, वय 46. हे आधीच सांगते कारण लिहिणारा आपल्यासारखा आहे का हे बघूनच आपण रिव्ह्यूवर विश्वास ठेवतो, निदान मी तरी.

हॉल साधा आहे. मोठी मशिनं नाहीत, आरसे नाहीत (हे मला फारच आवडलं), बिनहाताच्या भक्कम खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, भिंतीत हुक आणि रंगीत बँड. येणारे म्हणजे बाइकच्या अपघातानंतर व्हीलचेअरवर असलेले एकजण, अजिबात दिसत नाही अशी कॉलेजातली मुलगी, डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा आणि त्याची आई (ती पण करते, नुसती बसत नाही), गुडघे गेलेल्या काकी, आणि काही झालेलं नाही पण वजनामुळे जिममध्ये जायची लाज वाटते असे तीन-चार जण. या शेवटच्या लोकांचं मला आधी नवल वाटायचं, आता नाही वाटत.

याआधी एका जिममध्ये गेले होते, नाव नको. तिथे कोपऱ्यात खुर्ची दिली आणि मॅडम तुम्ही हात हलवत राहा म्हणाले, आणि कधी लक्ष गेलंच तर अजून दोन मारा, अजून दोन मारा. पोलिओवाल्यांना हे अजून दोन प्रकरण महागात पडतं बरं का. पोलिओत काही नसा मरतात, मग उरलेल्या नसा फांद्या फोडून त्या अनाथ स्नायूंचंही काम अंगावर घेतात, म्हणजे आयुष्यभर डबल ड्यूटी, आणि बऱ्याच जणांना पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त वर्षांनी नवीन अशक्तपणा सुरू होतो तो वेगळाच. म्हणून स्नायू पार थकेपर्यंत व्यायाम आमच्यासाठी नाही. इथले सर पहिल्याच दिवशी म्हणाले, ताई शून्य ते दहामध्ये किती कठीण वाटतंय ते सांगायचं, चार-पाचच्या वर गेलं की थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थकवा उरला असेल तर पुढच्या वेळी कमी करायचं. कुणीतरी मला कमी करायला सांगतंय याचाच धक्का बसला.

दम लागणाऱ्या व्यायामाला दुसरा नियम आहे, करताना बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये. आमच्यातल्या एक काकी भजनी मंडळातल्या, त्या खुर्चीतल्या बॉक्सिंगच्या मध्येच अभंग सुरू करतात. सर म्हणतात काकी मग स्पीड वाढवा.

आता सर्वसमावेशक म्हणजे नक्की काय, हा शब्द हल्ली जो तो बोर्डावर लिहितो. मला इथे ते कळलं त्या दिसत नसलेल्या मुलीमुळे. असं करा म्हणून हात करून दाखवलं तर तिला काय उपयोग, म्हणून सर सगळं बोलून सांगतात, उजवा हात घड्याळातल्या तीनवर, कोपर बरगडीला चिकटलेलं, बँड बेंबीकडे ओढा. आणि झालं काय की आम्हा सगळ्यांचीच पोझिशन सुधारली. बघून नक्कल करताना मी खांदा वर उचलायचे, ते ऐकून बंद झालं. तिच्यासाठी केलेली सोय सगळ्यांना लागू पडली. आणि प्रत्येक व्यायामाची आपली आवृत्ती त्याच वेळी, सगळ्यांच्या बरोबर मिळते, सगळ्यांचं झाल्यावर मग तुमचं बघू असं नाही.

कुबडीवाले आणि व्हीलचेअरवाले दिवसभर पुढे ढकलायचं काम करतात, त्यामुळे खांद्याच्या पुढचे स्नायू थकलेले आणि मागचे झोपलेले. म्हणून आमच्याकडे मागे ओढायचे प्रकार जास्त. माझा खांदा रात्री ठणकायचा तो दिवाळीपर्यंत बराच शांत झाला.

बँडबद्दल. पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असा चढता क्रम असतो, पण तो सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो, ऑनलाइन मागवताना फसायला होतं. जेवढा ताणाल तेवढा जड, म्हणून लांबी बदलून पण वजन बदलता येतं. आणि गोव्यात रबर टिकणं हे वेगळं प्रकरण आहे. गाडीत उन्हात ठेवलात तर बारीक भेगा पडतात आणि मग तुटून तोंडावर बसतो. घामाचा बँड पुसून, सावलीत सुकवून, थोडी टाल्कम पावडर लावून ठेवा. मनगटाच्या पट्ट्याच्या वेल्क्रोला जुलैत चक्क बुरशी आली होती. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर बिनलेटेक्सचेही मिळतात.

आत्मविश्वासाचं काय, कारण क्लासच्या जाहिरातीत तोच शब्द मोठा होता. एक चाचणी असते, तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता ते मोजायचं, हात छातीवर घडी घालून. हात टेकला तर नियमाने स्कोअर शून्य. म्हणजे मी नियमाने आयुष्यभर शून्य. सरांनी वहीत शून्य लिहिलंच नाही, ‘उजव्या हाताचा आधार घेऊन’ असं लिहून आकडा टाकला आणि पुढे प्रत्येक वेळी तस्संच मोजलं, तोच हात, तीच खुर्ची. आज तो आकडा जवळजवळ दुप्पट आहे. कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) बसची पहिली पायरी मी आता कंडक्टरचा हात न धरता चढते, मागचे लोक च्‌ च्‌ करत असले तरी.

माझी भाची सायकॉलॉजी शिकते, ती म्हणाली यात नवल काय, अल्बर्ट बँडुरा नावाच्या माणसाने 1977 मध्येच मांडलंय की हे मला जमेल ही भावना सर्वात जास्त येते स्वतः करून जमल्यावर, मग आपल्यासारख्या माणसाला करताना बघून, कुणी नुसतं शाबासकी दिल्याने त्यामानाने कमी. मला ते पटलं. लोक मला मुरलीकांत पेटकरांचे फॉरवर्ड पाठवतात, 1972 चं हायडेलबर्गचं पॅरालिम्पिक, पोहण्यातलं सुवर्ण. थोर माणूस, प्रश्नच नाही. पण माझी अडचण बसची पायरी आहे हो, आणि तिथे शेजारच्या खुर्चीवरून कुरकुरत उठणाऱ्या काकी जास्त कामाच्या.

आता तक्रारी. सुरुवातीला कुणीतरी आमचे व्हिडिओ काढून खाली इन्स्पिरेशन वगैरे लिहून टाकायचे, न विचारता. व्हीलचेअरवाल्यांनी सरळ सांगितलं की मी पाठीचा व्यायाम करतोय, चमत्कार नाही. तेव्हापासून विचारतात. टाळ्या मात्र अजून वाजवतात, पाणी प्यायलं तरी. रॅम्प म्हणजे प्लायवूडची फळी आहे आणि फारच उभी. नियम 1:12 चा, म्हणजे फूटभर उंचीला बारा फूट लांबी, इथे चार फूटही नसेल, ढकलायला माणूस लागतोच. टॉयलेटचा दरवाजा अरुंद. आणि संध्याकाळचा क्लास सुटल्यावर बस मिळत नाही, त्या मुलीचे बाबा रोज स्कूटरवर थांबलेले असतात. पणजीत 2023 च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट (अपंग व्यक्तींसाठीचा महोत्सव) झाला तेव्हा मी गेले होते, तिथे सगळीकडे रॅम्प बघून हुरूप आला होता, मग फोंड्याच्या बाजारात येऊन फुटपाथ बघितला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचना अपंग व्यक्तींनाही आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगतात, काहीच न करण्यापेक्षा थोडं बरं असंही म्हणतात. मिनिटांचं माझं जमत नाही, दोन दिवसांचं जमतं.

पाचपैकी चार, एक रॅम्पचा कापला. वजन झटपट उतरवायचं असेल तर इथे कंटाळाल. जाण्याआधी फोनवर विचारा की माझ्यासाठी हा व्यायाम कसा बदलाल, उत्तर तिथल्या तिथे आलं तर जा, ‘या, बघू’ म्हणाले तर अजून दोन प्रश्न विचारा. मला दिसलं की शनिवारी सकाळी गर्दी कमी असते. आणि पावसात येणार असाल तर कुबडीची रबरं आधी बदलून घ्या, दारातली फरशी ओली असते.