एअर स्टोन: निळा, सिरॅमिक की लाकडी?

क्रॉफर्ड मार्केटपासून गल्लीतल्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानापर्यंत सगळीकडे डब्यात सुटे मिळणारे निळे-राखाडी एअर स्टोन (हवेच्या पंपाच्या नळीच्या टोकाला लावायचे, बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड) लोक उगाच हिणवतात. दोन फुटी, गोड्या पाण्याच्या टाकीला ते पुरतात. पाण्यात ऑक्सिजन मुरतो तो मुख्यतः वरचा थर हलता राहिल्यामुळे, आणि ते काम हे बुडबुडे नीट करतात. फक्त घेताना दगड ग्लासभर पाण्यात बुडवून नळीतून फुंकून बघा. प्लॅस्टिकच्या तोटीच्या सांध्यातून मोठे बुडबुडे आले तर तो परत ठेवा. तिथला चिकटवा सुटलेला असतो.

सिरॅमिकच्या चकतीचे बुडबुडे धुक्यासारखे बारीक, दिसायला झकास. पण छिद्रं जितकी बारीक तितका दाब जास्त लागतो. पंप घेताना नुसते हवेचे लिटर बघू नका, खोक्यावरचा दाबाचा आकडाही वाचा. 0.01 एमपीए म्हणजे साधारण एक मीटर पाण्याचा दाब. 45 सेंमी खोल टाकीत त्यातला जवळजवळ निम्मा खोलीतच जातो. उरलेल्यात नळी, व्हॉल्व्ह आणि चकती भागवायची. छोट्या पंपावर चकती लावली की हवा एकाच कडेने निघते, पंप तापतो आणि शेवटी आतला रबरी डायफ्रॅम (हवा ढकलणारा पडदा) फाटतो. दोष पंपाला दिला जातो!

बोअरचं पाणी असेल तर कुठलाही दगड क्षारांनी बुजतो. तो काढून रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा, धुवा, मग पंपाला जोडून हवा चालू ठेवूनच पाण्यात सोडा. शेवाळ किंवा बुळबुळीत थर असेल तर व्हिनेगर फारसं चालत नाही, त्याला ब्लीच लागतं. दोन्ही एकत्र कधीच करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचनंतर अँटिक्लोरीनच्या (क्लोरीन घालवणाऱ्या औषधाच्या) पाण्यात बुडवून पूर्ण वाळवा. निळा दगड मात्र घासत बसण्यापेक्षा बदललेला परवडतो.

लाकडी ठोकळे खाऱ्या पाण्याच्या स्किमरसाठीच (बुडबुड्यांच्या फेसातून टाकीतली घाण काढणाऱ्या उपकरणासाठीच) घ्या. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, बारीकच राहतात; गोड्या पाण्यात ते लगेच जुळून मोठे होतात, म्हणजे पैसे वाया. शिवाय लाकूड काही आठवड्यांत फुगून बुजतं, तेव्हा जादा ठोकळे घेऊनच ठेवा.

दगड कुठलाही असो, पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच. लाइट गेली की टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. व्हॉल्व्हवरचा बाण टाकीकडे.