गॉल की निझवा? सिंधुदुर्ग पाहिलेल्यांसाठी दोन परदेशी किल्ल्यांची तुलना

मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर किल्ला म्हटले की पाण्यातला किल्लाच उभा राहतो. त्यामुळे आयुष्यातला पहिला परदेश प्रवास किल्ले पाहण्यासाठी करायचा असेल, तर श्रीलंकेतील गॉल पाहावे की ओमानमधील निझवा, हा प्रश्न आमच्याकडे वाटतो तितका नवलाचा नाही. घरातले कोणी ना कोणी आखातात नोकरीला असतेच, आणि कोलंबो काय किंवा मस्कत काय, मुंबईहून विमानाने तीन तासांच्या आतबाहेरचे अंतर आहे. कुडाळहून मुंबई गाठायलाच त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. मी ही दोन्ही ठिकाणे दोन वर्षांच्या अंतराने पाहिली आणि दोन्ही वेळा मनात मोजपट्टी सिंधुदुर्गाचीच होती.

ही मोजपट्टी केवळ गावाभिमानाची नव्हे. महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम 1664 मध्ये सुरू केले आणि ते 1667 मध्ये पुरे झाले. त्याच सुमारास, म्हणजे 1663 पासून, डच लोक पोर्तुगीजांकडून 1640 मध्ये घेतलेल्या गॉलला नवी तटबंदी घालत होते. हे तेच डच, ज्यांची पडकी वखार आजही वेंगुर्ल्यात आहे. तिकडे इमाम सुलतान बिन सैफ याने 1650 मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून हुसकावून लावले आणि निझव्याचा प्रचंड बुरूजही त्यानेच बांधून घेतला. पुढे 1674 मध्ये मस्कतच्या अरबांनी थेट आपल्या वसईवर, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज ठाण्यावर, छापा घातला. एकाच काळात, एकाच पोर्तुगीज सत्तेशी गाठ पडलेल्या तीन राज्यकर्त्यांनी तीन वेगळ्या तऱ्हेने किल्ले बांधले, आणि ही तुलना मला मोलाची वाटते ती त्यामुळेच.

गॉलचा तट पाहताना आपल्याला ओळखीचे पुष्कळ भेटते. तीन बाजूंनी समुद्र, खाली खडकांवर फुटणाऱ्या लाटा, बुरुजावर संध्याकाळी वारा खात बसलेली कुटुंबे. तटाच्या एका जागी गिलावा निघाला होता, तिथे वाकून पाहिले तर दगडांच्या मध्ये पोवळ्याचे तुकडे बसवलेले दिसले. घावन्याला पडते तशी बारीक जाळी, आणि हात लावला तर चुन्याची पूड बोटांना येत होती. जुन्या दरवाज्याच्या बाहेरच्या अंगाला ब्रिटिशांचे राजचिन्ह आहे, तर आतल्या अंगाला डच कंपनीचे चिन्ह आणि 1669 हे वर्ष कोरलेले आहे. मालक बदलला तशी पाटी बदलली, पण आतली पुसायचे राहून गेले, असे ते दृश्य आहे. डचांनी गल्ल्यांखालून भरती-ओहोटीच्या पाण्याने धुऊन निघणारी गटारे काढली होती, आणि 2004 च्या त्सुनामीत बाहेरचे शहर उद्ध्वस्त झाले असताना तटाच्या आतल्या वस्तीची हानी त्या मानाने पुष्कळ कमी झाली. आजही आत माणसे राहतात, मशीद, देवळे आणि 1755 मधले डच चर्च नांदते आहे, आणि तटावर उभे राहिले की बाहेरच्या क्रिकेट मैदानावरचा खेळही दिसतो.

उणीव एवढीच, की युद्धाची खूण गॉलमध्ये शोधावी लागते. बहुतेक जुन्या घरांची हॉटेले आणि कॉफीची दुकाने झाली आहेत. किल्ल्यात आलो आहोत की किल्ल्याच्या आकाराच्या बाजारपेठेत, असा प्रश्न दुपारपर्यंत पडतोच.

निझव्याला हा प्रश्न पडत नाही. मस्कतपासून मोटारीने दीड-दोन तासांवर, डोंगरांच्या पायथ्याशी खजुरांच्या बागांत हा किल्ला आहे. समुद्राचा मागमूस नाही. मुख्य बुरूज आतून निम्म्याच्या आसपास उंचीपर्यंत माती-दगडांनी भरून काढलेला आहे, म्हणजे तोफांचा हादरा आणि शत्रूचा मारा दोन्ही पोटात जिरावेत. वर चढण्याचा जिना अरुंद असून मोडत मोडत वर जातो. प्रत्येक वळणावर जाड लाकडी दार आणि दाराच्या वर छतात भोक, ज्यातून खाली उकळता खजुराचा पाक ओतत असत. पायाखालच्या फळ्या काढून घेतल्या की खाली खड्डा. मी त्या भोकाखाली उभा राहून वर पाहिले, आणि आपण या बाजूला आहोत हे जाणवून दोन पावले मागे सरलो. तो पाक आला कोठून, याचे उत्तर खजुराच्या कोठीत मिळते: तळाला पन्हळी कोरलेल्या खोलीत पोती एकावर एक रचायची, वरच्या ओझ्याने रस आपोआप झिरपून पन्हळीतून रांजणात येतो. आपल्याकडच्या काकवीसारखाच, पण लढाईच्या कामाचा. बागांना पाणी देणारे फलज तर आपल्या बागायतींतल्या पाटांची आठवण करून देतात. जवळच बहला आहे, 1987 पासून जागतिक वारसा यादीत असलेला कच्च्या विटांचा किल्ला; एक दिवस जादा असेल तर तोही जमतो.

आता व्यवहाराचे. गॉलला आपल्यासारखाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस लागतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही सरी येतात. तिथला भरवशाचा काळ डिसेंबर ते मार्च. नेमके त्याच वेळी हापूसच्या बागायतदाराला मोहर आणि फवारणी सोडून हलता येत नाही. ओमानमध्ये नोव्हेंबरपासून हवा सुखाची होते, म्हणजे भातकापणी आटोपून निघता येते. मे महिन्यात मात्र तिकडे जाऊ नये. पैशाच्या बाबतीत श्रीलंका सोपी आहे, कारण आपल्या एका रुपयाला तिथले तीनाहून अधिक मिळतात, तर ओमानी रियाल दोनशे रुपयांच्या वर आहे. जेवणाच्या बाबतीत तर गॉलला आपण घरीच असतो: नारळाच्या रसातले मासे, आमसुलाच्या जातकुळीतले गोरका घातलेले आंबट कालवण आणि शिरवाळ्यांची, म्हणजे तांदळाच्या शेवयांची, जुळी बहीण शोभावी अशी इंदिआप्पा.

गुडघे दुखणारी आई-वडील मंडळी बरोबर असतील, तर विचार न करता गॉलला जावे. तटावरची वाट बरीचशी सपाट आहे आणि बसायला जागोजागी कट्टे आहेत. परंतु ज्याला किल्ल्याच्या रचनेत रस आहे आणि एकच प्रवास परवडणार आहे, त्याने निझवा निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे. तटाला भिडणारा समुद्र आपण मालवणच्या धक्क्यावरून रोज पाहतो. समुद्राविना किल्ला कसा लढवतात, हे निझव्याच्या जिन्यातच कळते. शक्यतो शुक्रवार धरून जावे, कारण त्या दिवशी सकाळी किल्ल्याजवळ बकऱ्या-गुरांचा बाजार भरतो. मात्र तो पहाटेच गाठावा. आम्ही न्याहारी उरकून रमतगमत पोहोचलो, तेव्हा शेवटची बकरी गाडीत चढत होती आणि दुकानदार नमाजासाठी दारे ओढून घेत होते.