शाळेचं सरकारी रिपोर्ट कार्ड: ३६ मुलांच्या वर्गाला कितपत पुरतं?

मुलगी यंदा नववीत जाणार, म्हणून जवळच्या छोट्या पब्लिक हायस्कूलची माहिती काढायला बसले. इथे अमेरिकेत २०१५ च्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स' कायद्यानुसार प्रत्येक राज्याला शाळांची रिपोर्ट कार्ड जाहीर करावी लागतात. आमच्या राज्याच्या संकेतस्थळावर तीन संध्याकाळी घालवल्या.

उघडताच लाल बाण दिसला: ग्रॅज्युएशन रेट, म्हणजे बारावी पास होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांचं प्रमाण, ९७ वरून ८९ टक्के. पोटात गोळाच आला. मग पट पाहिला. दोन्ही वर्षी बारावीला ३६ मुलं. आदल्या वर्षी एक मूल राहिलं होतं, यंदा चार. तीन मुलांवर एवढा मोठा बाण! शाळेत फोन केला, तेव्हा काउन्सेलर बाईंनी नीट समजावलं. नववीला आल्यापासून चार वर्षांत जो पास होईल, तोच यात धरतात. विशेष गरजा असलेलं मूल ठरवून पाचवं वर्ष शिकलं, तरी ते 'राहिलेलं' मोजलं जातं. कुटुंब गाव सोडून गेलं आणि दुसऱ्या शाळेत नाव घातल्याचा कागद आला नाही, तरीही तेच. हे त्या बाणाशेजारी दोन ओळींत लिहायला हवं होतं.

विद्यार्थ्यांच्या गटांचा तक्ता बघायला गेले, तर बहुतेक रकान्यांत नुसत्या तारका. गट लहान असला की मूल ओळखू येऊ नये म्हणून आकडा झाकतात. ते मला पटतं, कारण आशियाई मुलांच्या रकान्यातली तारका म्हणजे उद्या माझीच मुलगी. 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल' मात्र १०० टक्के! शाळेत सरसकट सगळ्यांना मोफत जेवण मिळतं, म्हणून सगळीच मुलं त्यात धरलेली. या आकड्यावरून कोणाच्या घरी किती ओढाताण आहे, हे काहीच कळत नाही.

गणित आणि वाचनाची परीक्षा कायद्याने हायस्कूलच्या चार वर्षांत एकदाच सक्तीची आहे. आमच्याकडे ती अकरावीला होते, म्हणजे तिथेही एकाच वर्गाचे गुण. त्यापेक्षा गैरहजेरीचं पान मला जास्त उपयोगी वाटलं. शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के, म्हणजे १८० पैकी १८ दिवस बुडाले, की मूल त्यात मोजतात, आणि यात चारही वर्गांची मुलं येतात. या शाळेत तो आकडा तीन वर्षं सलग उतरतोय.

पाचापैकी तीन तारे देईन, त्यातले दोन या एका पानासाठी. मंगळवारी शाळेत जाऊन अकरावीचा गणिताचा तास बघणार आहे.