साठ हजार युनिटची डी-३ पुडी: जुनाट दुखण्यावर ती किती चालते?

कोल्हापुरात कंबरदुखी, टाचदुखी किंवा सततची अंगदुखी घेऊन दवाखान्यात गेले की चिठ्ठीवर हमखास उतरणारे औषध म्हणजे ६०,००० युनिटची डी-३ची, म्हणजे ड जीवनसत्त्वाची पुडी. बहुतेक मेडिकलमध्ये ती चिठ्ठीवरचे अक्षर नीट न वाचताही काढून दिली जाते, इतकी ती नेहमीची झाली आहे. कंबर आणि मांड्यांच्या जुन्या दुखण्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांनी मलाही ती दिली. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुडी कोणाचीही असली तरी आत कोलेकॅल्सिफेरॉल (डी-३चेच शास्त्रीय नाव) हे एकच औषध असते आणि परीक्षण त्याचेच करायचे आहे. शरीरातील कमतरता भरून काढण्याचे काम ही पुडी चोख करते. मात्र दुखणे थांबवणारी गोळी समजून ती घेणाऱ्याची निराशा होण्याचा संभव फार.

माझ्या रक्ताच्या अहवालात २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीचे, म्हणजे रक्तात मोजतात त्या रूपातील डीचे, प्रमाण मिलिलिटरला ९ नॅनोग्रॅम आले होते. साधारणपणे २० च्या खाली कमतरता मानतात. नेहमीचा क्रम आठवड्याला एक पुडी, असे आठ आठवडे. साठ हजार हा आकडा ऐकून घरातील मंडळी घाबरली, पण ४० युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम, म्हणजेच एका पुडीत औषध अवघे दीड मिलिग्रॅम असते. हे जीवनसत्त्व शरीरात बराच काळ टिकत असल्यामुळे ते रोज घेण्याची गरज पडत नाही.

आता मुख्य मुद्दा, दुखण्याचा. माझ्या अंगात दोन वेगळी दुखणी एकत्र नांदत होती, हे पुडी सुरू झाल्यावरच स्पष्ट झाले. पहिले मांड्यांचे आणि हाडांचे: पाटावरून उठताना हात टेकावा लागे, नडगीवर अंगठा दाबला की कळ येई आणि जोतिबाच्या पायऱ्या उतरण्यापेक्षा चढताना मांड्या जड होत. डी-३ फारच कमी झाले की हाडांत खनिजे नीट बसत नाहीत, हाडे मऊ पडतात आणि कंबर व मांड्यांचे स्नायू दुबळे होतात; प्रौढांमधील या आजाराला ऑस्टिओमॅलेशिया म्हणतात. हे दुखणे हळूहळू, पण निश्चितपणे ओसरले आणि आता मी कशाचाही आधार न घेता पाटावरून उठते. दुसरे दुखणे मणक्याच्या चकतीचे, डाव्या पायात मुंग्या आणणारे. त्यात पुडीने तसूभरही फरक पडला नाही आणि पडेल अशी अपेक्षाही ठेवू नये, असे आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगितले होते.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. अमेरिकेतील मिनियापोलिस येथे तपासलेल्या, सतत अंग दुखणाऱ्या १५० रुग्णांपैकी ९३ टक्क्यांमध्ये डी कमी आढळल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून या जीवनसत्त्वाबद्दलच्या आशा फार वाढल्या. परंतु ज्याचे अंग दुखते तो घराबाहेर पडत नाही, ऊन त्याच्या अंगावर येत नाही आणि त्यामुळेही डी खाली जाते. म्हणजे कमतरता हे दुखण्याचे कारण नसून परिणामही असू शकतो. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात जुनाट वेदनेवर डी हे औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सातत्याने सरस ठरल्याचे दिसले नाही. अमेरिकेतच गुडघेदुखीच्या रुग्णांना रोज २,००० युनिट देऊन झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्षही तसाच होता, मात्र त्यातील बहुतेकांना मुळात फारशी कमतरता नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे. म्हणून माझे मत असे, की तीव्र कमतरता आणि हाडांचे दुखणे दोन्ही असणाऱ्याने ही पुडी जरूर घ्यावी. केवळ दुखते म्हणून अंदाजाने घेऊ नये. हाडे दुखत असतील तर डीच्या आकड्याबरोबर रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडे मऊ पडली की वाढणारे एक विकर) तपासायला सांगावे, कारण हाडे खरोखर मऊ झाली आहेत का, हे त्यावरून अधिक कळते.

घेण्यास पुडी सोपी आहे. दाणे गोडसर असून दुधात मिसळतात, मात्र काही पेल्याच्या तळाशी चिकटून राहतात. थोडे दूध पुन्हा घालून, पेला खळबळून ते पिऊन टाकावेत. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाबरोबर चांगले शोषले जाते, म्हणून मी ते जेवणानंतर, गंगावेशीच्या कट्ट्यावरून आणलेल्या म्हशीच्या दुधातून घेत असे. याच औषधाची मऊ कॅप्सूलही मिळते, पण तिचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते आणि डी-३ देखील बव्हंशी मेंढीच्या लोकरीतील चरबीपासून बनते. कडक शाकाहारी मंडळींनी हे विचारून घ्यावे.

माझी खरी तक्रार आहे ती माहितीबद्दल. मी घेतलेल्या पुडीवरचा मजकूर बारीक इंग्रजी अक्षरांत होता आणि ‘आठवड्यातून एकदा’ ही सर्वांत महत्त्वाची सूचना मराठीत कुठेच नव्हती. माझ्या आत्याबाईंना एका दुकानात ‘रोज रात्री दुधातून घ्या’ असे सांगण्यात आले. सूनबाईने वेळीच फोन करून विचारले म्हणून पुढचे टळले. असा अतिरेक बराच काळ चालला तर रक्तातील कॅल्शियम वाढते, तहान, मळमळ, बद्धकोष्ठता सुरू होते आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. वयस्कर माणसांच्या जिवाशी खेळ होऊ नये म्हणून दुकानदाराने पाकिटावर पेनाने वार लिहून देणे एवढे तरी करावेच. मी अंबाबाईचा शुक्रवार धरला, त्यामुळे एकही पुडी चुकली नाही.

‘आपल्याकडे एवढे ऊन असताना कमतरता कशी?’ असे अनेक जण विचारतात. रंकाळ्यावर सकाळी सहाला फिरणाऱ्यांना व्यायाम मिळतो, पण त्या कोवळ्या उन्हात डी तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. ते साधारण अकरा ते दोनच्या उन्हात असतात आणि खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. हुपरीचा चांदी कारागीर किंवा गुजरीतील सोनार त्या वेळी दुकानातच बसलेला असतो.

आठ आठवडे संपल्यावर पुढे किती घ्यायचे, हे डॉक्टरांनाच विचारावे. मला महिन्याला एक पुडी सांगितली असून ती मी जनऔषधी केंद्रातून स्वस्तात घेते. मुतखडा, मूत्रपिंडाचा आजार किंवा क्षयरोग असलेल्यांनी, तसेच हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय पहिली पुडीसुद्धा फोडू नये.