मेडिकल ट्रान्सक्रिप्शन की मेडिकल कोडिंग?

वैद्यकीय शब्दांची पक्की ओळख दोन्हीकडे लागते, पण ट्रान्सक्रिप्शन हे कानाचं काम. डॉक्टरांनी घाईत बोललेलं ऐकायचं, पायाखालच्या पेडलने आवाज मागेपुढे करायचा आणि अहवाल लिहायचा. ‘हायपरटेन्शन’ म्हणजे उच्च रक्तदाब, ‘हायपोटेन्शन’ म्हणजे कमी. इथे कान चुकला की नोंदीचा अर्थच उलटतो! म्हणून शंका आली तर अंदाज बांधायचा नाही. जागा रिकामी सोडून खूण करायची. हल्ली पहिला मसुदा बरेचदा सॉफ्टवेअरच तयार करतं, माणूस तो ऑडिओशी ताडून सुधारतो.

कोडिंगमध्ये ऐकणं नाही. तयार नोंद वाचून आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला संकेतांक द्यायचा, जसं टाइप २ मधुमेहाला ई११. नियमांत रमणाऱ्यांनी हेच घ्यावं. भाषेवर जीव असेल तर मात्र मी ट्रान्सक्रिप्शनच सुचवेन, टायपिंगपेक्षा संपादनाची तयारी ठेवून.