१२ कोंबड्या, १४ महिने: खुराडं, जाळी आणि कोल्ह्याची बाजू

आधी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं कुणाला कितपत लागू पडतं ते कळेल. जागा दक्षिण कोकणातलं परडं, म्हणजे घरामागची मोकळी जागा. भोवती चिऱ्याचा गडगा, पलीकडे काजूची बाग आणि रान. लोखंडी अँगलचं ८ बाय ४ फुटांचं खुराडं, चिऱ्यांवर जमिनीपासून दोन फूट उचललेलं. त्याला लागून १६ बाय ८ फुटांचं जाळीचं अंगण. पक्षी १३: गिरिराज जातीच्या बारा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणि एक कोंबडा, सहा आठवड्यांची पिल्लं म्हणून आणलेली. ‘दाणे टाका नि अंडी उचला’ हे सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, त्यामुळे फायद्यांची उजळणी इथे नाही.

सगळ्यात आधी फसली ती जाळी. दुकानात ‘चिकन मेश’ म्हणून जी षटकोनी जाळी देतात, ती कोंबडी आत ठेवायला पुरते. बाहेरच्याला बाहेर ठेवणं तिचं काम नाही. तार बारीक असते, खाऱ्या दमट हवेत एका पावसाळ्यात जमिनीलगतची सहा इंच पट्टी गंजते, आणि कुत्र्याने किंवा कोल्ह्याने दात लावून ओढली की पीळ सुटत जातो. शिवाय भोकं मोठी. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीची मान बाहेरून धरून ओढता येते. सकाळी आत मुंडकं नसलेला पक्षी सापडतो आणि जाळी कुठेही फाटलेली नसते. म्हणून खालचे तीन फूट अर्धा इंची वेल्ड मेश (चौकोनी भोकांची, प्रत्येक जोड वेल्डिंगने पक्का केलेली जाळी) लावावी, १६ किंवा १८ गेजची. एक इंचीतून उंदीर आणि लहान साप आरामात येतात. दोन तुकडे जोडताना किमान तीन इंच एकमेकांवर चढवा, आणि नुसती बाइंडिंग वायर न बांधता वरून लोखंडी पट्टी ठेवून स्क्रू मारा. खर्च दुप्पट-तिप्पट होतो. तो पहिल्यांदाच करावा, कारण नाहीतर दोन्ही जाळ्यांचे पैसे जातात.

अंगणाच्या माथ्यावर मासेमारीचं जुनं जाळं ताणलं तर घार, शिक्रा आणि कावळ्याचा बंदोबस्त स्वस्तात होतो. उदमांजराचा मात्र होत नाही, ते जाळं कुरतडून उतरतं. म्हणजे अंगण फक्त दिवसाचं. रात्री पक्षी खुराड्यातच हवेत, आणि खुराड्याला सहाही बाजूंनी, तळालासुद्धा, वेल्ड मेश किंवा पत्रा हवा.

कोल्हा जाळी चढण्यापेक्षा तिच्या बुडाशी उकरतो. जाळी दीड फूट खोल पुरा, असा सल्ला सगळे देतात. जांभ्यात दीड फूट चर खणायची मजुरी ज्याने दिली आहे, तो हा सल्ला दुसऱ्याला देणार नाही. त्यापेक्षा जाळीचा दोन फूट रुंद पदर बाहेरच्या बाजूला आडवा पसरावा, उभ्या जाळीला तारेने शिवावा, वर तीन-चार इंच माती आणि त्यावर चिरे. जनावर नेहमी भिंतीला नाक लावून उकरतं, पंजाखाली जाळी लागली की दोन फूट मागे सरकून पुन्हा सुरुवात करायचं त्याच्या डोक्यात येत नाही. चूक होते ती कोपऱ्यांवर. तिथे पदर कापावा लागतो आणि त्रिकोणी फट राहते. त्या फटीवर जाळीचा वेगळा तुकडा टाकला नाही तर बाकीचा सगळा पदर फुकट. घुशीला हा उपाय लागू नाही. ती पदराखालून खोल बीळ काढून आत उगवते, म्हणूनच खुराडं उचललेलं हवं.

दुसरी कच्ची जागा दाराची. साधी कडी नाकाने ढकलली तरी उचलली जाते. खिट्टी आणि तिला स्प्रिंगचा हूक लागतोच. पावसाळ्यात बिजागरी गंजली की दार खाली बसतं आणि वरच्या कोपऱ्यात दीड इंच फट पडते. मुंगसाचं डोकं शिरलं की धड शिरतं. महिन्यातून एकदा सगळ्या फटींवरून हात फिरवायचा, दोन बोटं जात असतील तर ती बुजवायची.

आता कोल्ह्याबद्दल. मराठीत कोल्हा आणि खोकड यांची सर्रास गल्लत होते. इंग्रजी माहितीत ज्या फॉक्सची भीती घातलेली असते, त्याचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे खोकड. ते सोलापूर-नगरकडच्या माळरानावर राहतं आणि मुख्यतः उंदीर, किडे, बोरं खातं. कोकणात रात्री ओरडतो तो कोल्हा अंगाने मोठा, कुत्र्या-लांडग्याच्या जवळचा, आणि मळ्यापासून उकिरड्यापर्यंत सगळीकडे सरावलेला. तरीही नुकसानीच्या यादीत तो पहिला नाही. पहिली मोकाट कुत्री, मग मुंगूस, मग उदमांजर आणि रानमांजर, त्यानंतर कोल्हा.

कोण येऊन गेलं हे ओळखता आलं नाही तर पैसा भलत्या ठिकाणी खर्च होतो. पक्षी अख्खा गायब, मूठभर पिसं आणि ओढत नेल्याची रेघ, वेळ पहाटेची किंवा तिन्हीसांजेची: कोल्हा. पाच-सहा पक्षी मारून तिथेच टाकलेले, खाल्लेलं जवळजवळ काही नाही: कुत्री, त्यांना खेळ झालेला असतो. भरदुपारी, सगळे जेवून पडलेले असताना, मानेला चावा घेतलेला एखादा पक्षी झुडपाच्या कडेला: मुंगूस. ते दिवसा फिरतं, त्यामुळे रात्रीच्या कुलपाचा त्याला काही त्रास नाही. अंड्याची टरफलं जागेवर फुटलेली असतील तर मुंगूस किंवा कावळा. अंडं टरफलासकट नाहीसं असेल तर साप, बहुधा धामण किंवा नाग. छपराचं कौल सरकलेलं आणि वरच्या दांडीवरचा पक्षी गेलेला असेल तर उदमांजर. पिल्लं एकेक करून कमी होत असतील तर घूस, आणि तिचं बीळ दहा फुटांच्या आत सापडतं.

यातल्या कोल्हा, मुंगूस, उदमांजर, रानमांजर, धामण, नाग यांना फासा लावणं, विष घालणं किंवा मारणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. वीज थेट तारेत सोडणं हाही गुन्हा, आणि त्यात माणसं मरतात. सौर झटका यंत्र चालतं. जमिनीपासून ६, १२ आणि १८ इंचांवर तीन तारा पुरतात. मात्र जून ते सप्टेंबर गवत तारेला टेकतं, झटका जमिनीत उतरतो आणि यंत्र टिकटिक करत नुसतं बसून राहतं. दर आठवड्याला तारेखालचं गवत कापायची तयारी नसेल तर घेऊ नका. राखणीला कुत्रा पाळणारे जुन्नर-संगमनेरकडच्यांना विचारून पाहोत, तिथे कुत्रा आणि कोंबडी दोन्ही बिबट्याच्या यादीत असतात.

खरा जाच वेगळाच आहे, तो खर्चाच्या कागदावर दिसत नाही. रोज दिवेलागणीला घरी कुणीतरी लागतं. कोंबड्या अंधार पडायच्या वीसेक मिनिटं आधी आपणहून आत येतात, आणि दार त्यानंतरच लावता येतं. नोव्हेंबर अखेरीस ही वेळ सहाच्या आगेमागे, जुलैत सातच्या पुढे. लग्न, दवाखाना, एसटी चुकली, कुठलंही कारण चालत नाही. आपोआप बंद होणारं दार मिळतं, पण टायमरचं असेल तर दर पंधरा दिवसांनी वेळ बदलावी लागते. प्रकाशावर चालणारं असेल तर आषाढातल्या काळ्या ढगांनी फसून साडेपाचलाच मिटतं आणि अर्ध्या कोंबड्या बाहेर राहतात. टायमरचं बरं. दार मिटल्यावर डोकी मोजायला माणूस तरीही लागतोच. गावठी कोंबडी बाहेर राहिलीच तर फांदीवर चढून बसते. गिरिराज जड, ती जमिनीवरच कोपऱ्यात बसते आणि पहाटेपर्यंत टिकेल याची खात्री नाही.

हिशेब पाहा. १३ पक्ष्यांना बंदिस्त ठेवून प्रत्येकी रोज ११० ग्रॅम लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार भरड खाद्य) दिला तर महिन्याला ४३ किलो लागतो. किलोला ३५ रुपये धरले तर दीड हजार. गिरिराजचं वर्षाचं १४० अंड्यांचं प्रमाण धरलं तर बारा कोंबड्यांची महिन्याला १४० अंडी. म्हणजे निव्वळ खाद्यापोटी अंडं पावणेअकरा रुपयांना पडतं. दिवसभर परड्यात मोकळ्या सोडल्या तर ६० ग्रॅमवर भागतं आणि अंडं सहाच्या आत येतं. पण मोकळ्या सोडल्या की मुंगूस आणि कुत्री. अंडं स्वस्त हवं की कोंबडी शाबूत हवी, हा सौदा रोज सकाळी दार उघडताना करावा लागतो. दुपारी १२ ते ४ अंगणात कोंडून सकाळ-संध्याकाळ माणसाच्या नजरेसमोर सोडणं, ही त्यातल्या त्यात परवडणारी तडजोड. पहिलं अंडं यायच्या आधी साडेचार महिन्यांत सुमारे १३० किलो खाद्य गेलेलं असतं, ते वेगळंच. आणि मोकळ्या सोडल्या की मेथी, कोथिंबीर, मिरचीची रोपं विसरायची.

पावसाळा हा वेगळा धडा आहे. खाली भाताचं तूस तीन इंच जाड घालावं आणि एक दिवसाआड उलथावं. मूठभर तूस दाबून पाहा: हात उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. खाली बसून नाक लावलं आणि डोळे चुरचुरले तर अमोनिया साठला आहे, कोंबड्या त्याच उंचीवर श्वास घेतात. ओल्या तुसातून रक्ती हगवण येते. शिटेत रक्त दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्याकडे जायचं, वाट पाहत बसलं तर तरुण पक्षी पटापट जातात. मॅशचं ५० किलोचं पोतं १३ पक्ष्यांना महिन्याहून जास्त पुरतं, आणि पावसात तेवढ्यात त्याला बुरशी धरते. २० किलोच सुटं आणावं, झाकणाच्या पिंपात ठेवावं. खाद्याचं भांडं संध्याकाळी आत घ्यावं. ते राहिलं की उंदीर, उंदरामागे नाग, घोणस. पहाटे अंडी काढताना हात घालण्याआधी बॅटरी मारायची सवय यातूनच लागते. बसायच्या दांड्या बांबूच्या नकोत, पेरात आणि चिरांत गोचिडी दडतात आणि रात्री रक्त पितात. दोन इंची लाकूड, कडा गोल केलेलं, टोकांना काढता येईल असं.

लसीचं गणित छोट्या कळपाला महाग पडतं. पिल्लं घेताना लासोटा (मानमोडीची लहानपणीची लस) आणि गंबोरो या लसी झाल्याचं विचारून घ्या. मानमोडीची (राणीखेत रोगाची) आर-टू-बी लस आठव्या आठवड्याला टोचायची, ती मात्र आपल्या अंगावर. कुपी साधारण १०० मात्रांची, पातळ केल्यावर दोन तासांत संपवायची, तोवर बर्फात. १३ पक्षी टोचून उरलेली फेकायची. वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकच सकाळ ठरवली तरच हे परवडतं. मानमोडी एकदा शिरली तर न टोचलेला कळप आठवड्यात रिकामा होतो. बर्ड फ्लूवर तर घरी करण्यासारखं काहीच नाही. २००६ साली नवापूरला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात तो सापडला. बाधित क्षेत्र जाहीर झालं की त्यातले सगळे पक्षी नष्ट करतात, परसातले धरून.

किरकोळीत मोडणाऱ्या गोष्टी: कोंबडा चारला आरवतो, आणि शेजार भिंतीला भिंत असेल तर अंड्यांसाठी त्याची गरज नाही, न पाळलेला बरा. गिरिराज खुडूक (अंडी उबवायला) क्वचितच बसते, त्यामुळे पुढची पिल्लं हवी असतील तर एखादी गावठी कोंबडी ठेवावी लागते, आणि ती खुडूक बसली की तिची अंडी थांबतात. ताजी शीट थेट झाडाला घातली तर झाड करपतं; दोन-तीन महिने कुजवावी लागते, तोवर माश्या. मेलेला पक्षी गडग्यापलीकडे फेकू नये. कोल्ह्याला तीच वाट पाठ होते. तीन फूट खड्डा, वर चुना.

वर्षभराने पिसं झडायला लागली की अंडी दोन महिने जवळजवळ बंद आणि खाद्य मात्र तेवढंच. दुसऱ्या वर्षी अंडी आणखी कमी, आणि कोंबडी त्यानंतरही तीन-चार वर्षं जगते. घरात मुलांनी नावं ठेवली असतील तर तिचं पुढे काय करायचं हे पहिली पिसं झडायच्या आत घरात बोलून ठेवा.